दारावरच्या पाटीला दुसरी ओळ हवी

आज दुपारी पुढच्या आठवड्यातल्या रक्ततपासणीसाठी हॉस्पिटलला फोन केला. पलीकडच्या मुलीने वेळ दिली आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मॅडम, मास्क घालूनच या हं. सर्दी-तापाचे पेशंट वाढलेत, परत कम्पल्सरी केलाय." बोलली अगदी नीट, आदराने. तरी फोन ठेवल्यावर माझे हात कापत होते. २०२१ मधली ती सकाळ जशीच्या तशी समोर आली. तेव्हापासून त्याबद्दल घरातल्यांशिवाय कुणाशी बोलले नव्हते, आज लिहिते आहे.

आधी आजाराविषयी, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आहे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी एक नस असते. तिच्या तीन शाखा: एक कपाळ आणि डोळ्याकडची, दुसरी गाल आणि वरच्या ओठाची, तिसरी खालच्या जबड्याची. माझी उजवीकडची दुसरी शाखा दुखावलेली आहे. बऱ्याच रुग्णांमध्ये मेंदूजवळ, या नसेच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. तिच्या सततच्या ठोक्यांनी नसेवरचं आवरण झिजतं आणि मग साधा स्पर्शही कळ बनून मेंदूपर्यंत पोचतो. कळ कशी, तर विजेचा झटका बसावा तशी. काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची, पण त्या वेळात माणूस दुसरं काही करू शकत नाही. दात घासताना येते, तोंड धुताना येते, बोलताना येते, वाऱ्याच्या झुळकीने येते. गाल जोरात दाबला तर एक वेळ काही होत नाही, हलका स्पर्श मात्र सहन होत नाही. आणि मास्क म्हणजे हलका स्पर्शच. प्रत्येक श्वासाला कापड आत ओढलं जातं, बाहेर ढकललं जातं, गालावर घासत राहतं.

मी मास्कच्या विरोधात नाही. कधीच नव्हते. घरातल्या सगळ्यांना मी स्वतः मास्क आणून दिले, नाकावरची पट्टी नीट दाबून बसवायला शिकवलं. मास्कने रक्तातला ऑक्सिजन कमी होतो अशी अफवा त्या काळात फिरत होती, तेव्हा मी नातेवाइकांशी भांडले. साध्या सर्जिकल मास्कने निरोगी माणसाचा ऑक्सिजन घटत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. पण त्या अफवा पसरवणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचं किती नुकसान केलं, हे कुणी बोलत नाही. अमेरिकेत 'मला मास्कमधून सूट आहे' असं छापलेली, सरकारी वाटावीत अशी कार्डं फिरायला लागली आणि जून २०२० मध्ये तिथल्या न्याय विभागाला ती बनावट असल्याचा जाहीर इशारा द्यावा लागला. आजार खोटा सांगणारे इतके झाले, की खरा सांगणाराही खोटाच वाटायला लागला. त्या सकाळी दारावर उभी असताना मी त्यांच्याही वाटचा संशय झेलत होते.

सूट ही काही कुणाची मेहेरबानी नव्हती. ज्यांनी नियम केले त्यांनीच ती लिहून ठेवली होती. इंग्लंडमध्ये २४ जुलै २०२० पासून दुकानांत मास्क सक्तीचा झाला, तेव्हा त्याच नियमात आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे मास्क घालता न येणाऱ्यांना, घातल्यावर ज्यांना तीव्र त्रास होतो त्यांना आणि ओठांच्या हालचाली पाहून बोलणं समजून घेणाऱ्या माणसाशी जे बोलत असतील त्यांना वगळलेलं होतं. त्यासाठी पुरावा दाखवायची गरज नाही, असंही तिथल्या सरकारी मार्गदर्शनात होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांवर सक्ती करू नका म्हणून सांगितलं. म्हणजे वर बसलेल्यांना हे ठाऊक होतं. पण कागदावरचं हे शहाणपण दारापर्यंत पोचलंच नाही.

तर ती सकाळ. माझं एमआरआय होतं. मला मास्क घालता येत नाही, असं न्यूरॉलॉजिस्टने लेटरहेडवर स्पष्ट लिहून दिलं होतं, सही-शिक्क्यासकट. भाऊ सोबत होता, पण पेशंटबरोबर कुणी आत यायचं नाही म्हणून त्याला फाटकाशीच थांबवलं. मी सिक्युरिटीच्या दादांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती हातातही घेतली नाही. "चिठ्ठी काय, सगळेच आणतात." मी म्हटलं, वाचून तर बघा. त्यांनी सुपरवायझरला बोलावलं. त्या बाईंनी वाचली आणि मागे रांग उभी असताना मोठ्याने विचारलं, "हा कसला आजार? गालाला काय झालंय तुमच्या? दिसत तर काही नाही." मी समजावायला लागले. बोललं की मला कळ येते हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, पण मला माहीत होतं. प्रत्येक वाक्य जपून, अर्ध्या तोंडाने बोलत होते. मागून एक आवाज आला, "आम्ही घालतोय ना सगळे? तुम्हालाच काय झालं?"

मी मास्क लावला. हे लिहिताना आजही वाईट वाटतं. एमआरआयची तारीख खूप दिवसांनी मिळाली होती, ती घालवायची नव्हती.

पहिली कळ काउंटरच्या रांगेत आली. मी भिंतीला टेकून डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातून शब्द निघेना. कळ ओसरली की मास्क गालापासून लांब धरायचे, की समोरून हुकूम यायचा, "मॅडम, मास्क नीट!" असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी मास्क काढून हातात घेतला आणि तिथेच खाली बसले. "नाटकं," असं कुणीतरी म्हणालं. कोण ते मी पाहिलं नाही.

एमआरआयच्या खोलीबाहेर टेक्निशियन आला. तरुण मुलगा. त्याने पहिलंच वाक्य काय म्हणावं? "ताई, मास्क आत नेऊ नका, नाकाशी तार आहे त्यात." एमआरआयच्या चुंबकात धातू तापू शकतो. एका रुग्णाचा चेहरा त्यामुळे भाजल्यावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये तसा इशारा दिला होता. त्याच्याकडे बिनतारेचे मास्क होते, त्यातला एक त्याने पुढे केला. मी मान हलवली, गालाकडे बोट दाखवलं आणि चिठ्ठी दिली. त्याने ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली. म्हणाला, "बरं, राहू द्या. माझा एन-९५ आहे. तुमच्यानंतर खोली पुसून घेतो आणि पुढच्या पेशंटला जरा उशिरा घेतो." झालं. एवढंच. तेच हॉस्पिटल, तीच चिठ्ठी आणि तीच मी. त्याने मला नियमाबाहेर सोडलं नाही, माझ्यासाठी वेगळी सोय केली. मशीनमध्ये आडवी झाल्यावर मी रडले, ते कळेमुळे नव्हतं.

खरा घाव त्यानंतरचा आहे. पुढच्या भेटीला नव्या डॉक्टरांनी माझी फाइल उघडली आणि त्यांचा सूरच बदलला. मी वाकून पाहिलं. त्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं, 'पेशंट सहकार्य करत नाही.' कळ आली होती हे नाही, चिठ्ठी आणली होती हे नाही, न बोलता खाली बसले होते हेही नाही. चारच शब्द. दुखणं सांगायच्या आधी मला आता स्वभावाचा खुलासा करावा लागत होता. औषध वाढवून मागितलं की वाटायचं, यांना वाटत असेल ही बाई हट्टी आहे. प्रश्न विचारायचं कमी केलं मी. ती नोंद दुरुस्त व्हावी म्हणून तीन अर्ज केले. शेवटी खाली एक ओळ जोडली गेली, मूळचे शब्द मात्र तसेच आहेत. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं माणसाच्या आधी खोलीत शिरतं, हे मी तेव्हा शिकले.

सिक्युरिटीच्या दादांवर माझा राग नाही. त्यांना एका ओळीचा हुकूम होता आणि तो मोडला तर नोकरी त्यांची जाणार होती. राग आहे तो ती एकच ओळ लिहून मोकळं होणाऱ्यांवर. 'मास्कशिवाय प्रवेश नाही.' मग ज्याला घालता येत नाही त्याने जायचं कुठे? या कळांसाठी मी कार्बामाझेपिन हे औषध घेते. त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून तपासण्या चुकवता येत नाहीत. दुकानात नाही गेले तर चालेल, सिनेमाला नाही गेले तर चालेल, हॉस्पिटलला न जाऊन कसं चालेल?

आणि मी एकटी नाही. ऑटिझम असलेलं मूल असतं. चेहऱ्यावर भाजल्याच्या जखमा असलेली माणसं असतात. कधीकाळी कुणी तोंड दाबून धरलेल्या बाया असतात, त्यांनी रांगेत उभं राहून काय सांगायचं? ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्यांना तो घालणंच धोक्याचं. ऐकू न येणाऱ्यांची अडचण तर उलटीच आहे, त्यांना त्रास होतो तो सिस्टरच्या तोंडावरच्या मास्कचा.

मला शेजारच्या बाकावरची केमो चालू असलेली बाईही दिसते. तिच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील, साध्या सर्दीने ती आयसीयूत जाऊ शकते. मला सूट मिळाल्याचा भार तिच्यावर का पडावा? म्हणून मला नुसती सूट नकोच आहे. मला दिवसातली शेवटची वेळ द्या. बाहेर मोकळ्या हवेत बसवा, नंबर आला की फोन करा. रिपोर्ट फोनवर सांगता येत असेल तर बोलावूच नका. माझ्याजवळ येणाऱ्याला चांगला बसणारा एन-९५ द्या, तो बारीक कणांपैकी किमान ९५ टक्के अडवतो. यातलं काहीही फार खर्चाचं नाही. आणि त्या पाटीवर दुसरी एक ओळ लिहा: 'मास्क घालता येत नसेल तर आत येण्याआधी या नंबरवर सांगा.' म्हणजे दारावरच्या माणसाला निवाडा करावा लागणार नाही आणि मला रांगेसमोर माझा आजार सिद्ध करावा लागणार नाही.

हे सगळं मी आज त्या फोनवरच्या मुलीला सांगितलं. मध्येच एकदा कळ आली म्हणून थांबले, तीही थांबली. मग म्हणाली, "मॅडम, असं काही आमच्याकडे लिहिलेलं नाहीये, पण मी विचारून तुम्हाला फोन करते." तिचं नाव मी वहीत लिहून ठेवलंय. तपासणी मंगळवारी आहे. आत्ता रात्रीचे दहा वाजलेत, अजून फोन आलेला नाही. उद्या सकाळी मीच करणार आहे.