‘डुक्कर काहीही खाऊ दे, चरबी तीच’ हे खोटं आहे

गेल्या महिन्यात पुण्यातल्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला एकच मजकूर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डुकराची चरबी म्हणजे निव्वळ संतृप्त मेद (सॅच्युरेटेड फॅट, तुपासारखा घट्ट होणारा), डुक्कर काहीही खाऊ दे, ती बदलत नाही, फार्मवाले खाद्यात घालतात ती सप्लिमेंट म्हणजे हार्मोन, त्यापेक्षा हॉटेलचं खरकटं खाणारं जनावर बरं, आणि जवस खाल्लेलं मिळालं तर ते माशाच्या तोडीचं. मी शिरूरकडे वराहपालन करतो, माल पुण्याला येतो. गिऱ्हाईकं हा मजकूर वाचून फोन करतात, म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा लवकर संपतो. डुकराच्या चरबीत संतृप्त मेदाम्लं (मेद ज्यांचा बनतो ते घटक) साधारण 40 टक्के. त्याहून थोडा मोठा वाटा एकअसंतृप्त (मोनोअनसॅच्युरेटेड) मेदाम्लांचा, त्यातही मुख्यतः ओलेइक आम्लाचा. शेंगदाण्याच्या तेलातही हेच आम्ल भरपूर असतं. उरलेली बहुअसंतृप्त (पॉलिअनसॅच्युरेटेड), ती चरबी मऊ करतात. साजूक तुपात संतृप्त भाग 60 टक्क्यांच्या वर जातो, खोबरेल तेलात 90 च्या आसपास. चरबी बेतानंच खावी हे मला मान्य आहे, पण ‘निव्वळ संतृप्त’ हे चूक.

खरा घोळ दुसऱ्या मुद्द्यात आहे. गाय-म्हैस जे तेल खाते त्यातली असंतृप्त मेदाम्लं कोटीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव बरीचशी संतृप्त करून टाकतात. डुकराला कोटीपोट नाही. त्याच्या खाद्यातलं तेल आतड्यातून शोषलं जातं आणि त्यातली मेदाम्लं बरीचशी आहेत तशीच चरबीत जाऊन बसतात. पिष्ट जास्त असलेलं खाद्य दिलं तर डुक्कर स्वतःच त्यापासून मेद तयार करतं, आणि तो मुख्यतः संतृप्त आणि ओलेइक असल्यामुळे घट्ट होतो. स्पेनमध्ये ओकची फळं खाऊन वाढलेल्या इबेरियन डुकरांच्या मांसात ओलेइक आम्ल जास्त असतं, त्याचंही कारण खाद्यच.

हे मी हातानं तपासलंय. एका वर्षी मका महागला म्हणून शेवटचे दोन महिने राइस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) बेसुमार दिलं. ते तेलकट असतं, आणि त्यातलं तेल बरंचसं असंतृप्त. माझा माल घेणाऱ्या खाटीकमामांनी मला दुकानात बोलावून फ्रिजमधून पोटाकडचा तुकडा काढून दाखवला. गार असूनही बोट दाबलं तर खळगा पडत होता, पृष्ठभागावर तेलाची चकाकी होती आणि सुरीखाली चरबीचा थर मांसापासून सुटत होता. शेजारी आधीच्या बॅचचा तुकडा होता: पांढरा, टणक, बोट उमटेना. जात तीच, शेड तीच, बदललं होतं ते खाद्य.

आता सप्लिमेंट. माझ्या गोणीत मिनरल मिक्श्चर असतं, जीवनसत्त्वं असतात, लायसिन (प्रथिनाचा एक घटक, अमिनो आम्ल) असतं. यातलं एकही हार्मोन नाही. लायसिन पुरेसं मिळालं की मांस भरतं आणि चरबी कमी धरते. ई जीवनसत्त्व चरबी खवट होण्यापासून राखतं. रॅक्टोपामिनबद्दल कुणी विचारलं तर तो रास्त प्रश्न आहे: तेही हार्मोन नव्हे, पण चरबी कमी करून मांस वाढवणारं औषध आहे, अमेरिकेत चालतं, युरोपीय संघात आणि चीनमध्ये बंदी आहे. मी ते वापरत नाही. आणि ‘चरबी कमी’ म्हणजे ‘चरबी चांगली’ असंही नाही. काँजुगेटेड लिनोलेइक आम्ल (चरबी कमी करायला देतात ते एक मेदाम्ल) खाद्यात दिलं की उरलेली चरबी उलट जास्त संतृप्त आणि टणक होते, कारण संतृप्ताचं असंतृप्त करणारं एन्झाइम त्यानं दबतं.

जवसाचं म्हणणं अर्धं खरं आहे. (चरबी बदलतच नसेल तर ती जवसानं माशासारखी कशी होईल, हे मजकूर लिहिणाऱ्यानं पाहिलेलं दिसत नाही.) जवसाच्या तेलाचा निम्म्याच्या आसपास भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-3. ते खाद्यात दिलं की डुकराच्या चरबीत कित्येक पटींनी वाढतं. पण माशातलं ओमेगा-3 वेगळं, लांब साखळीचं. त्यातलं डीएचए डुकराच्या शरीरात जवसापासून फारसं बनत नाही. शिवाय जवस जास्त झालं तर चरबी मऊ पडते आणि मांसाला लवकर खवट वास लागतो, म्हणून सोबत ई जीवनसत्त्व द्यावंच लागतं.

राहिलं खरकटं. त्यात आज बिर्याणी, उद्या वड्याचं काळं पडलेलं तेल. वर सांगितलंच आहे की डुक्कर खातं ते तेल चरबीत उतरतं. पुन्हा पुन्हा तापवलेलंही त्याला अपवाद नाही. त्यातच न उकळलेल्या खरकट्यातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरतो. 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात तो भारतात पहिल्यांदा आढळला. त्यावर उपचार नाही, अख्खी शेडं रिकामी होतात. मांस घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: शेवटचे दोन महिने जनावर काय खात होतं? माझ्याकडे विचारलंत तर गोणीवरची चिठ्ठी दाखवीन.