घोड्याचं सगळं खरं, माणसाचा खांदा मात्र खोटा

च्यायला, हात वर केला की खांदा आत जातो! कितीतरी महागड्या व्हिडिओ गेममध्ये हेच. फोटो मोड (खेळ थांबवून हव्या त्या कोनातून बघायची सोय) लावा आणि नायक भिंत चढत असताना कॅमेरा काखेजवळ न्या. कातडीवरची छिद्रं दिसतील, घामाचे थेंब दिसतील, दाढीचा एकेक खुंट मोजता येईल. खांद्याच्या जागी मात्र खड्डा. चार-पाच हजार मोजून हे बघायचं?

यात रॉकेट सायन्स काही नाही हो. हात सरळ डोक्यावर नेताना सगळं काम खांद्याचा सांधा एकटा करत नाही. १८० अंशांतले साधारण ६० अंश पाठीवरचा खवाटा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, सरकतो म्हणून मिळतात. गेममधल्या माणसाला बहुतेक वेळा खवाटाच नसतो! दंडाचं हाड एका खिळ्याभोवती फिरवलं, वरून कातडं ताणलं, झालं काम.

मनगटाचीही तीच रड. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडं असतात. तळवा पालथा केला की एक दुसऱ्यावरून तिरकं जातं आणि तो वळसा सगळ्या हातभर वाटला जातो. गेम बनवणारे पठ्ठे फक्त मनगट फिरवतात, मग टॉवेल पिळल्यागत हात तिथेच बारीक होतो. उपाय जुना आहे. मधे ट्विस्ट बोन, म्हणजे वळसा वाटून घेणारं जादा हाड घालायचं, रिगिंग (पात्राच्या आत हलणारा सांगाडा बसवणं) शिकणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. पण त्याला वेळ द्यायला नको का कुणी!

वेळ कुठे जातो? २०१८च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये थंडी पडली की घोड्याचे वृषण आखडतात. (मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. पण म्हणजे मनात आणलं तर जमतं ना?) २०२०च्या ‘सायबरपंक २०७७’मध्ये जननेंद्रियं निवडायचीसुद्धा सोय, आणि गेम सुरू झाल्यावर काहींचा तोच अवयव पँटमधून आरपार बाहेर!

तरी डेव्हलपरांपेक्षा माझं डोकं फिरतं ते आपल्या गेमर मंडळींवर. यांना शरीररचना आठवते ती फक्त बाई समोर आली की. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मधल्या अ‍ॅबीचे दंड बघून केवढा थयथयाट, म्हणे बाईचे असे दंड असूच शकत नाहीत. अरे, ते शरीर एका खऱ्या क्रॉसफिट खेळाडू बाईवरून घेतलंय! कथेतही तिच्या तळावर जिम आहे, पोटाला पुरेसं अन्न आहे. आणखी काय पुरावा हवा, आधार कार्ड?

मग २०२२ला ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ आला. त्यातली नायिका एलॉय, तिच्या गालावर उजेडात बारीक लव दिसते, तर लोक म्हणाले हिला दाढी आहे. अहो, सकाळच्या उन्हात घरातल्या कुठल्याही बाईचा गाल दिसला नाही का कधी? त्या गेममध्ये कुणीतरी कधी नव्हे ते नीट निरीक्षण करून काम केलं होतं, आणि शिव्या नेमक्या त्यालाच.

१९९६पासून ‘डेड ऑर अलाइव्ह’मधल्या मुलींची छाती गुरुत्वाकर्षणाला न जुमानता हलतेय. तेव्हा एकाही शरीरशास्त्रज्ञाच्या पोटात दुखलं नाही. बरगड्या आणि पोटातली आतडी कुठे ठेवली असतील असा प्रश्न पडावा इतक्या बारीक कमरेच्या नायिका आल्या, त्याही गोड मानून घेतल्या. आणि खांद्यातल्या खड्ड्यावर तर कुणी चकार शब्द काढत नाही, कारण तिथे कुणी बघतच नाही. सगळ्यांच्या नजरा दुसरीकडेच.

आता केसांचा प्रत्येक धागा वेगळा हलणार म्हणून जाहिराती चालू आहेत. हलवा की. ग्राफिक कार्डाचे हप्ते आम्हीच भरतोय. पण ती वेणी दर वेळी मान वळवली की छातीत घुसून पाठीतून बाहेर येते, तिचं काहीतरी करा आधी.