शाळेतली खिचडी बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

सरकारी शाळांत जेवण शिजवून देण्याची सक्ती रद्द करावी आणि तेवढे पैसे पालकांच्या खात्यात जमा करावेत, अशी मागणी करणारा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. मुले फक्त खायला शाळेत येतात, शाळेत जेवली की घरचे ताट तेवढेच रिकामे होते, शिक्षकांचे आचारी झाले, वरचेवर विषबाधा होते आणि एवढे असूनही आता काही जणांना न्याहारी हवी आहे, असे त्याचे मुद्दे आहेत.

आधी पैशांचा मुद्दा घेऊ, कारण बाकीचा मजकूर त्याच्याच आधाराने उभा आहे. घरपोच मदतीचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली तेव्हा शाळेतच जेवण शिजवून द्यावे असे अपेक्षित होते. पण बहुसंख्य राज्यांनी चूल पेटवण्याऐवजी 80 टक्के हजेरी असलेल्या मुलांच्या पिशवीत महिन्याला तीन किलो धान्य घालून काम भागवले. ते धान्य सगळ्या कुटुंबाच्या डब्यात जाई आणि मुलाच्या पोटात नेमके किती गेले, हे कोणी पाहत नसे. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत किमान 300 उष्मांक आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न वर्षातून किमान 200 दिवस देण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे राज्ये हलली, तीही रडतखडत. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने हा आठवीपर्यंतच्या मुलांचा हक्क ठरवला.

आता हिशेब पाहू. मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी दिवसाला 6.78 रुपये धरले जातात. 100 ग्रॅम धान्य वेगळे मिळते. शाळेचे बावीस दिवस धरले तर खात्यात महिन्याला दीडशेच्या आसपास रुपये पडतील. एवढ्या पैशांत किरकोळ दुकानातून डाळ आणून पहाटे मजुरीला निघणाऱ्या आईने दुपारी मुलाला गरम जेवण कसे वाढावे, हे मजकूर लिहिणाऱ्यांनी सांगावे. शिवाय सर्व जातींची मुले एका पंगतीला बसतात, तेही खात्यातल्या पैशांनी साधणार नाही. स्वयंपाकासाठी दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असा आदेश न्यायालयाने 2004 मध्ये दिला होता, तो उगाच नव्हे.

घरचे ताट रिकामे होते, हा अंदाज ऐकायला पटतो, पण तो तपासला गेला आहे. अर्थशास्त्रज्ञ फरजाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातील खेड्यांत मुलांनी दिवसभरात काय खाल्ले याची नोंद घेतली. शाळेच्या जेवणाने मुलांचा दिवसाचा एकूण आहार खरोखरच वाढला होता आणि घरच्यांनी त्या बदल्यात फारशी काटछाट केलेली नव्हती.

मुले खाण्यासाठी येतात म्हणता? येऊ देत की. आलेले मूल वर्गातही बसते. ‘असर’ या मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीच्या देशव्यापी चाचण्यांवर आधारलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षाहून कमी काळ मिळालेल्यांपेक्षा 18 टक्क्यांनी अधिक आढळले.

शिक्षकांची तक्रार मात्र खरी आहे. तांदळाचा साठा, रोजची ऑनलाइन माहिती, चव नोंदवही, भाजीपाल्याच्या पावत्या हे सगळे बहुधा ज्याच्या गळ्यात पडते, त्या गुरुजींचा एखादा तास रोज बुडतो. पण त्यावर उपाय माणसे नेमण्याचा आहे, चूल विझवण्याचा नव्हे. स्वयंपाकी तथा मदतनीस असे लांबलचक पदनाम मिरवणाऱ्या बाईंसाठी केंद्राने 2009 मध्ये ठरवलेले मानधन महिना 1000 रुपये आहे, तेही वर्षातून दहाच महिने. काही राज्ये वर भर घालतात. तरी एवढ्यात कामाची जबाबदारी कोण घेणार?

विषबाधेच्या मुद्द्याची थट्टा करू नये. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन येथे कीटकनाशक मिसळलेल्या तेलामुळे 23 मुले दगावली. वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे, सामान सुरक्षित खोलीत ठेवावे, हे नियम नीट पाळले जाण्यासाठी देखरेख वाढवावी लागेल. जेवण बंद करून मूल सुरक्षित होत नाही. ते उपाशी राहते आणि त्या उपासमारीची बातमी होत नाही, एवढेच.

राहिली न्याहारी. 2020 च्या शैक्षणिक धोरणात पौष्टिक न्याहारीनंतरचे सकाळचे तास अवघड विषयांसाठी उपयुक्त असतात असे म्हटले आहे; तरीही 2021 मध्ये केंद्राने योजनेला पीएम पोषण हे नवे नाव देऊन मंजुरी दिली, तेव्हा न्याहारी तीत नव्हती. तमिळनाडूने सप्टेंबर 2022 मध्ये 1,545 शाळांपासून आरंभ करून पुढच्याच वर्षी राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांत उपमा, खिचडी, पोंगल सुरू केले. म्हणजे हे जमते. मात्र अन्न सुरक्षा कायद्यात फक्त दुपारच्या एका जेवणाचा उल्लेख असल्यामुळे न्याहारी आज सरकारच्या मर्जीवर आहे, आणि मर्जीचे काय होते ते महाराष्ट्राने अंड्याच्या बाबतीत पाहिले: 2023 च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी 2025 मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवून, द्यायचेच असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे, असे कळवले.