सप्टेंबरात कास बघता, एप्रिलातला डोंगर कोण बघणार?

आम्हा सातारकरांचं फुलांचं वर्ष सप्टेंबरात चालू होतं आणि ऑक्टोबरात संपतं, हे माझं जुनं म्हणणं आहे, आज जरा सविस्तर लिहिते. साताऱ्याजवळचं फुलांचं कास पठार 2012 ला जागतिक वारशाच्या यादीत गेलं, चांगलंच झालं, पण तेव्हापासून फुलं म्हणजे कास आणि कास म्हणजे ऑनलाइन बुकिंग, शनिवार-रविवारचं ट्रॅफिक जाम आणि सेल्फी, एवढंच उरलंय. बाकी वर्षभर त्या डोंगराकडं कोणी ढुंकून बघत नाही. मार्च ते मे सगळे "काय राव, नुसता वाळलेला डोंगर" म्हणत काचा वर करून एसीत घाट चढतात, आणि नेमका तेव्हाच यवतेश्वरापासून पार महाबळेश्वरापर्यंत पांढऱ्या फुलांचा सीझन चालू असतो. पास नको, पार्किंग नको, फुकट.

करवंदाची जाळी तर प्रत्येकाला माहितीय, पण ती फक्त मे महिन्यात, द्रोणातून. तिची फुलं कितीजणांनी बघितलीत? बारकी, पाच पाकळ्यांची, प्रत्येक पाकळी जराशी पीळ दिल्यासारखी, आणि वास असा की गाडी बंद करून उभं राहिलं तरच कळतो. मग कुसर, काहीजण रानमोगरा म्हणतात, झुडपांवर चढलेली वेल, लांबट अरुंद पाकळ्या, आणि घरच्या मोगऱ्याला लाजवेल असा वास. मेअखेरीला गेळा फुलतो, काटेरी झाड, फूल उमलतं पांढरं आणि जुनं होईल तसं पिवळं पडतं, त्यामुळं एकाच फांदीवर दोन रंग दिसतात.

माझा जीव मात्र कुड्यावर. नवी कोवळी पोपटी पालवी आणि फांदीच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे झुबके, दोन्ही एकदमच, तेही एप्रिलच्या रखरखाटात. पान तोडलं की पांढरा चीक येतो. शेंगा जोडीनं लोंबतात, बारीक आणि चांगल्या लांब. काळा कुडा वेगळा, त्याचंही फूल पांढरंच, पण त्याच्या जोडशेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्या कुड्याच्या सुट्ट्या असतात, एवढं बघितलं की गोंधळ होत नाही. पोट बिघडल्यावर आपल्याकडं जे कुटजारिष्ट देतात ते ह्याच पांढऱ्याच्या सालीचं. म्हणजे साल माहिती, औषध माहिती, फूल माहिती नाही, कमालच आहे.

आणि हे सगळं पांढरंच का, तर ह्यातल्या बऱ्याच फुलांचं गिऱ्हाईक रात्रीचं आहे. अंधारात लाल-निळा रंग कोणाला दिसणार, पांढरा दिसतो, आणि वासही संध्याकाळनंतर चढतो, त्यावर पतंग येतात. म्हणून दुपारी बारा वाजता जाऊन "कुठं काय आहे" म्हणू नका, ऊन उतरल्यावर जा.

आता खरा राग ज्याचा आहे ते. वणवे. फेब्रुवारी उजाडला की कुठला ना कुठला डोंगर रात्री पेटलेला दिसतोच, साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावरसुद्धा. काही ठिकाणी सिगारेट, काही ठिकाणी मजा, आणि बऱ्याच ठिकाणी तो जुना समज, की जाळलं म्हणजे गवत जोमानं येतं. अरे पण करवंदीची जाळी फुलावर असते ती ह्याच दिवसांत! फूल जळलं की मे महिन्यात करवंद कुठनं येणार, आणि मग आपणच "ह्या वर्षी करवंदं लय महाग" म्हणत रस्त्यावर त्या मावशींशी घासाघीस करणार. कुडा चिवट, मुळापासून परत फुटतो, पण बारकी रोपं गेली ती गेलीच, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळवाला ओढ्यात. कासला फुलं तुडवू नका म्हणून कुंपणाची चर्चा वर्षानुवर्षं चालते, आणि इथं अख्खा उतार जळतो त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत.

शहरातही तेच. नव्या सोसायट्यांत कोनोकार्पस ह्या परदेशी झाडाची रांग लावतात, हिरवी भिंत तयार, काम झालं. तिथं कुंती, म्हणजे कामिनीचं झुडूप, लावा ना, कुंपणासारखी कापता येते आणि पाऊस पडून गेला की एका रात्रीत पांढरीशुभ्र होते. मोगऱ्याला फुलं येत नाहीत म्हणून रडणाऱ्यांना आमची आत्ती एकच सांगते, "सावलीत ठेवून रोज पाणी घालताय, मग पानंच येणार." थंडीत छाटणी, थोडे दिवस पाणी तोडायचं, मग खत-पाणी आणि कडक ऊन, कारण मोगरा नव्या फुटीवरच फुलतो. तिच्याकडं उन्हाळाभर माठात दोन कळ्या असतात, फ्रीजचं पाणी कोणी मागत नाही.

आणि हो, नर्सरीत कुडा मागितला तर "ताई, ते जंगली झाड, कोण घेतंय" असं ऐकायला मिळतं. तर ज्यांच्या बांधावर पांढरा कुडा आहे त्यांनी यंदा शेंगा वाळून तडकायच्या आत चार काढून कागदाच्या पिशवीत ठेवा, तडकल्या की बी म्हातारी होऊन उडून जातं. इनबॉक्समध्ये सांगा, घ्यायला मी येते, चहा मात्र तुमच्याकडं.