‘वीस हजारांच्या गिटारवर आणखी दहा हजार कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेऊन ती हळूहळू सुधारत न्यावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मुद्देसूद आहे. म्हणून तिथेच दोन ओळींत आटपण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वीस हजारांच्या गिटारवर आणखी दहा हजार घालायला सांगणं म्हणजे नवशिक्यांना खड्ड्यात ढकलणं. तिचं लाकूडच हलकं, त्यात भारी पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा चुंबकाचा भाग) बसवून काय उजेड पडणार? त्यापेक्षा पैसे साठवून सरळ मेक्सिकोत बनलेली फेंडर या नामांकित अमेरिकन कंपनीची गिटार घ्यावी. आणि विकायला गेलं की अपग्रेडचा एक रुपयाही सुटत नाही. शेवटी ‘यूट्यूब बघून लिहिलेलं दिसतंय’ हा टोला.

टोल्याचं सोडून देऊ. यूट्यूबवरून मी पुष्कळ शिकलोय, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आधी हिशोब. वीस अधिक दहा तीस होतात. तीस हजारांत मेक्सिकन फेंडर मिळत नाही; आपल्याकडे कस्टम आणि जीएसटी लागून ती पाऊण लाखाच्या पुढेच जाते. म्हणजे ‘तेवढेच पैसे साठवून’ हे गणित मुळातच बसत नाही. तुमच्या बाजूने खरा दावेदार उभा करायचा तर तो यामाहाची पॅसिफिका ११२ व्ही आहे. आल्डर लाकडाची बॉडी, अल्निको पाच या चुंबकाचे पिकअप, हंबकरचं (दोन कॉइलच्या पिकअपचं) एक कॉइल बंद करायची सोय, आणि मूळ फिटिंगच बरं. हातात आज तेवढे पैसे असतील तर तीच घ्या, मी अडवणार नाही. पण मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे आज पंधरा-अठरा हजार असतात आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी हजार-दोन हजार निघू शकतात. त्यांना ‘आणखी वर्षभर थांब’ म्हणणं म्हणजे वर्षभर वाजवू नको म्हणणं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचं ते वर्ष परत येत नाही.

आता मुख्य मतभेद. तुम्ही ‘अपग्रेड’ म्हणजे पार्ट बदलणं असं धरून चाललाय. माझा रोख वेगळा होता, तो जरा उकलून सांगतो.

आजची स्वस्त गिटार मशीनवर कापली जाते. बॉडीची खोबण, नेकचा म्हणजे मानेचा आकार, फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा हे सगळं संगणकावर चालणाऱ्या यंत्रांतून इतकं नेमकं निघतं की चाळीस वर्षांपूर्वीच्या कारखान्याला हेवा वाटावा. इंडोनेशियातल्या ज्या मोठ्या कारखान्यांतून ही गिटार येते, तिथे एकाच छपराखाली वेगवेगळ्या ब्रँडची कामं चालतात. मग किंमत कमी होते कुठे? थोडी सुट्या भागांत, पण मोठा वाटा हाताच्या कामाच्या तासांत. फ्रेटची टोकं घासायची, नटच्या, म्हणजे तारा ज्यावरून खुंट्यांकडे जातात त्या पट्टीच्या, खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे खोल करायच्या, फ्रेट एका पातळीत आणायचे, नेकचा बाक जुळवायचा. हे यंत्राला नीट जमत नाही आणि माणसाला वेळ लागतो. महाग गिटारमध्ये तो वेळ तुम्ही विकत घेता. स्वस्त गिटारमध्ये तो तुमच्यासाठी शिल्लक ठेवलेला असतो.

मिरजेहून तंबोरा आणला तर त्याची जवारी लावून घेतल्याशिवाय कुणी गायला बसतं का? जवारी बिघडली की घोडी घासून ती परत लावणारा कारागीर शोधतो, भोपळा बदलत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच आठवड्यात पिकअपच्या किमती बघायला लागतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे नट, मानेच्या टोकाशी असलेली ती प्लास्टिकची पट्टी. कारखान्यात खाचा मुद्दाम उथळ ठेवतात, कारण जास्त खोल गेली तर तार पहिल्या फ्रेटवर आपटून झणझणते आणि माल परत येतो. उथळ ठेवली तर तक्रार येत नाही, फक्त वाजवणाऱ्याच्या बोटांना त्रास होतो. परिणाम असा की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला नको तेवढा जोर लागतो आणि दाबल्यावर ती ताणली जाऊन सूर चढतो. सूर दाखवणारं यंत्र म्हणतं सगळं सुरात आहे, पण सी किंवा ई कॉर्ड धरली की काहीतरी बोचतं. आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची एफची बार कॉर्ड तर लागतच नाही. कितीतरी मुलं इथेच गिटार सोडतात, आपली बोटंच कमकुवत आहेत असं समजून. तपासायची पद्धत सोपी आहे: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात कागदाएवढी फट हवी. पोस्टकार्ड आरामात जात असेल तर नट उंच आहे. खाचांच्या बारीक कानशी असलेल्या माणसाकडे हे अर्ध्या तासाचं काम. घरी साध्या कानशीने करायला जाऊ नका, खाच एकदा खोल गेली की नटच बदलावा लागतो.

नेकचा बाक हा दुसरा भाग. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जाड ई तार शेवटच्या फ्रेटपाशी दाबली की मधे, सातव्या-आठव्या फ्रेटवर, साधारण पाव मिलिमीटर फट दिसावी. गॅरेजवाल्यांकडचं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) इथे कामी येतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक जुळवायची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग तारा सुरात आणून परत बघणं. एका दमात पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि घट्ट लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबायचं. त्यानंतर सॅडल (खालच्या ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) वरखाली करून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला दोन आणि बारीक बाजूला दीड मिलिमीटरच्या आसपास. सगळ्यात शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ताडून बघायचा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरला असेल तर पुढे. क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ जण इंटोनेशनपासून सुरुवात करतात आणि मग बाक बदलला की सगळं पुन्हा करत बसतात.

आपल्या हवेत हे वर्षातून एकदा करून भागत नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लाकूड ओल पितं, बाक वाढतो, तारा उंच होतात. पुणे, नागपूर, संभाजीनगरकडे एप्रिलमध्ये उलट: फिंगरबोर्ड सुकून आकसतो, धातूचे फ्रेट आहेत तेवढेच राहतात आणि त्यांची टोकं तळहाताला खरचटतात. ग्राहकाला वाटतं माल फसवा निघाला. खरं तर बारीक कानस आणि थोडी माया एवढाच इलाज असतो.

ज्याला हात घालायची भीती वाटते त्याने सेटअप, म्हणजे ही सगळी जुळवणी, करणाऱ्याला पैसे द्यावेत. दहा हजारांतला पहिला भाग मी इथे खर्चायला सांगतोय, पिकअपवर नव्हे. ट्यूनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, बदलण्याचंही तेच. ‘गिटार सुरात राहत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा तार नटच्या खाचेत अडकत असते किंवा खुंटीला नीट गुंडाळलेली नसते. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, नवीन तारा हाताने ओढून ताणून घ्या, मग ट्यूनरकडे वळा. एकच अपवाद: स्वस्त गिटारवर लॉक होणारा ट्रेमोलो (दांडी दाबून सूर हलवायचा ब्रिज) असेल तर तो ज्या धारेवर डुलतो ती मऊ धातूची असते, ती झिजते आणि मग कुठलीही युक्ती चालत नाही. म्हणून पहिली गिटार स्थिर ब्रिजची घ्या, असं मी लेखात म्हटलं होतं आणि अजूनही म्हणतो.

तुम्ही माझी एक अट मात्र वगळलीत. पैसे घालायचे ते फक्त नेक चांगला असेल तर. दुकानात हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) ब्रिजकडे एक डोळा मिटून बघायचं. नेक पिळलेला दिसला, बारीक ई तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरत असली, ट्रस रॉड आधीच शेवटपर्यंत पिळलेला असला, तर गिटार खाली ठेवायची, सवलत कितीही असो. पिकअप, पॉट (आवाजाची बटणं), जॅक (केबल लावायची जागा), ट्यूनर, सगळं नंतर बदलता येतं. पिळलेला नेक सरळ करायचा खर्च गिटारपेक्षा जास्त. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी परत करायची मुदत संपायच्या आत हेच बघावं, रंग नंतर न्याहाळावा.

आता लाकूड. यावर भांडणं कधी संपत नाहीत, तरी बोलतो. अकूस्टिक गिटारमध्ये लाकूडच आवाज देतं, वाद नाही. इलेक्ट्रिकमध्ये पोलादी तार चुंबकाजवळ हलते, कॉइलमध्ये वीज तयार होते, आणि ती अ‍ॅम्पकडे जाते. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या सुमारास चार बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून वाजवलं; दोन्ही बाजूंना गिटारच्या अर्ध्या बॉडी चिकटवल्या त्या मुख्यतः दिसण्यासाठी. डॅनइलेक्ट्रो या अमेरिकन कंपनीच्या गिटार तर लाकडी चौकटीवर मॅसोनाइट, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड, ठोकून बनवत आणि सीअर्सच्या दुकानांतून स्वस्तात विकत. लेड झेपेलिनचा जिमी पेज त्यातलीच एक घेऊन स्टेजवर उभा राहायचा. अलीकडे नॅशव्हिलच्या जिम लिलने दोन टेबलांच्या मधे नुसत्या तारा ताणून, खाली पिकअप धरून, फेंडरच्या टेलिकॅस्टर गिटारसारखा आवाज काढून दाखवला. (हो, यूट्यूबवर.) लाकडाचा काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. वजन बदलतं, मऊ लाकडात स्क्रू लवकर सैल होतात, हातातली कंपनं वेगळी लागतात. पण स्पीकरमधून येणाऱ्या आवाजात तो फरक शोधण्याआधी पिकअपची उंची स्क्रूड्रायव्हरने दोन फेरे वरखाली करून बघा. फुकटात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. फार जवळ नेऊ नका. चुंबक तारेला ओढायला लागला की वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो.

पिकअप मी शेवटी ठेवले त्याचं आणखी एक कारण आहे. ‘फार गुंई आवाज येतो, पिकअप बदलू का?’ हा प्रश्न मला सतत येतो. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) आपल्या घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडणारच, तो तिचा स्वभाव आहे. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर गिटारच्या आतल्या शील्डिंगचं (बाहेरची गुणगुण अडवणाऱ्या धातूच्या अस्तराचं) काम आहे, तांब्याची टेप आणि एक संध्याकाळ. गिटार धरून जागेवर फिरल्यावर आवाज कमीजास्त होत असेल तर ती कॉइलनेच पकडलेली गुणगुण. टेपने जाणार नाही, हंबकरने जाईल. आणि जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनला अर्थिंगच नसतं, तिथे जगातला कुठलाही पिकअप बसवून उपयोग नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. अ‍ॅम्पची तिसरी पिन काढून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसणाऱ्यांना हात जोडून विनंती: तारा लोखंडाच्या आहेत आणि तुमचा हात त्यांच्यावर आहे.

दहा हजारांतले निम्मे मी अ‍ॅम्पसाठी राखायला सांगितले होते, ते तुम्ही ‘गिटारवर ओतलेले’ धरलेत. सहा इंची स्पीकरच्या भेटवस्तूछाप अ‍ॅम्पमधून फेंडरच्या महागड्या कस्टम शॉपची स्ट्रॅटोकॅस्टरही डब्यात ठेवल्यासारखीच वाजते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तर साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायची डबी) आणि बरे हेडफोन घेऊन कॉम्प्युटरवरचे फुकट अ‍ॅम्प वापरले तरी चालेल. शेजारीही सुखी.

राहिला विक्रीचा मुद्दा. तो तुमचा शंभर टक्के बरोबर आहे, घेणारा फक्त हेडस्टॉकवरचं नाव बघतो. फेंडरच्या स्वस्त ब्रँडच्या, स्क्वायरच्या, १९८२ च्या सुरुवातीच्या जपानी गिटार आज संग्राहक शोधत फिरतात, पण त्या आशेवर आजची गिटार घेऊ नये. म्हणून बदललेला प्रत्येक मूळ भाग, स्क्रूसकट, नाव लिहून डबीत ठेवायचा. विकताना तो परत चढवायचा आणि चांगले पिकअप पुढच्या गिटारसाठी काढून घ्यायचे. त्यासाठी आधी सोल्डरिंगच्या जागेचे फोटो काढून ठेवा. सेटअपचे पैसे मात्र परत येत नाहीत. ते घेणाऱ्याच्या बोटांना मिळतात, आणि दुकानात वाजवून बघताना बऱ्याचदा सौदा त्यावरच ठरतो.