टेक्ससमधले बँड डायरेक्टर : फॉरवर्डमधल्या दाव्याचा खुलासा

टेक्ससमधल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'हायस्कूलचा बँड डायरेक्टर व्हायला वाद्य वाजवता आलं की पुरे, पदवी लागत नाही, फुटबॉलचा मोसम संपला की वर्षभर आराम.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

सरकारी शाळांत हे पद शिक्षकाचंच आहे. सर्वसाधारणपणे पदवी आणि राज्याचं संगीत शिक्षकाचं प्रमाणपत्र, त्यासाठीची परीक्षा, हे सगळं लागतं. संगीत शिक्षणाच्या पदवीत बासरीपासून ट्युबापर्यंत बहुतेक वाद्यं हातात घेऊन शिकावी लागतात. त्याशिवाय चालणारच नाही! क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा 'सी' हा स्वर वाजवला की ऐकू येतो 'बी फ्लॅट'. फ्रेंच हॉर्नमधून तोच 'सी' 'एफ' होऊन निघतो. समोरच्या पन्नास मुलांत बेसूर कोण, हे डायरेक्टरला उभ्या उभ्या ओळखायचं असतं.

आरामाचं म्हणाल तर शाळा उघडण्याआधीच, भर उन्हात, मार्चिंगचा, म्हणजे फुटबॉल सामन्यांत मैदानावर चालत वाजवण्याचा, सराव सुरू होतो. मोसमानंतर वसंतात यूआयएलची (टेक्ससमधल्या शालेय स्पर्धा घेणाऱ्या संस्थेची) कॉन्सर्ट आणि साइट-रीडिंगची परीक्षा असते. तिथे मुलांनी कधीच न पाहिलेली रचना डायरेक्टर मोजक्या मिनिटांत समजावतो आणि लगेच वाजवून घेतो. ऑर्केस्ट्राच्या, म्हणजे मुख्यतः व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांच्या वृंदाच्या, डायरेक्टरला मैदान सहसा नसतं, ही परीक्षा मात्र चुकत नाही.

पगार इतर शिक्षकांच्याच श्रेणीत, वर जादा कामाचा भत्ता. खासगी शाळांना मात्र प्रमाणपत्राची सक्ती नाही. बहुधा तिथूनच हा गैरसमज पसरला असावा.