अर्धी फियाट आणि भावाचं लंगोट

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार आहे. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

तीन आठवड्यांपूर्वी भिवंडी रोडला एका गोडाउनमध्ये एक प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, बघून आले होते. 1983 ची, क्रीम रंग, स्टेअरिंगला गिअर. चारही व्हीलकॅप जागेवर, पुढच्या दारांच्या त्या तिरक्या छोट्या काचा शाबूत, आतून टपाचं कापड जरा लोंबलेलं. गोडाउनवाला दीड लाख सांगत होता. म्हटलं, विचार करून सांगते. आज विचार करून गेले, तर गाडी विटांवर! टेललाइट कोइमतूरला गेले, डॅशबोर्ड कुणा सुरतवाल्याने नेला आणि पुढचं तोंड, म्हणजे बंपरपासून बोनेटपर्यंतचा भाग, चक्क कापून एका मिसळीच्या हॉटेलवाल्याने नेला. भिंतीवर लावायला. हेडलाइटच्या जागी एलईडी बसवणार म्हणे.

"मॅडम, अख्खी कोण घेतं? सुटी विकली की दुप्पट होतात." मी जणू बाजारात लाल भोपळा घ्यायला गेले होते.

अरे, चालू गाडी होती ती! तीन आठवड्यांपूर्वी माझ्यासमोर चोक ओढून दुसऱ्या सेल्फला सुरू झाली होती.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर हे लिहिलं, तर धाकट्या भावाचं उत्तर आलं, "ताई, सुटलीस. त्यापेक्षा एफडी कर." वर हसून लोळणारे चेहरे. हा इलेक्ट्रिक गाडीवाला. याला मी एक गोष्ट दर दिवाळीला ऐकवते, आज तुम्हालाही ऐकवते.

मे 1986. आम्ही बाबांच्या फियाटमधून दादरहून पुण्याला निघालो होतो. एक्सप्रेसवे वगैरे काही नव्हता तेव्हा. खोपोली सोडून घाट चढायला लागलो आणि शिंगरोबाच्या देवळाच्या जरा अलीकडे गाडीने आचके दिले नि बंद पडली. बाबा शांतपणे उतरले, बोनेट उघडलं आणि म्हणाले, "एसी पंप तापला." पेट्रोल खेचणारा हा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत काही पोचतच नाही. त्यावर उपाय एकच, ओलं फडकं. फडकं शोधायची वेळ आली नाही, कारण हेच आमचे बंधुराज तेव्हा आठ महिन्यांचे होते आणि त्यांची लंगोटं मागच्या काचेपाशी वाळत पडली होती. बाबांनी त्यातलं एक उचललं, पंपावर गुंडाळलं, आईने फिरकीच्या तांब्यातलं पाणी बारीक धारेने ओतलं. दहा मिनिटांत गाडी सुरू. लंगोट पंपावर तसंच बांधून आम्ही पुण्यात शिरलो.

तर एफडीवाल्या, तुझ्या लंगोटावर घाट चढलेली माणसं आहोत आम्ही.

असो. गाडी घ्यावी की नाही, हे मी दोन वर्षं घोळवतेय. सगळे एकच विचारतात, पार्ट कुठून आणणार? मलाही आधी वाटायचं की इंजिनचं काय होईल. मग कुर्ल्याचे एक चाचा भेटले, आयुष्यभर टॅक्सीच दुरुस्त केलेले. पहिल्या वेळी त्यांनाच सोबत घेऊन गेले होते. ते म्हणाले, "मॅडम, इंजिन मत देखो. इंजिन मैं बना दूंगा. पत्रा देखो." पॉइंट, कंडेन्सर, क्लचप्लेट, वॉटर पंप, हेड गॅसकेट हे सगळं अजून कुठे ना कुठे सापडतं. सापडत नाही ते फुटकळ वाटणारं सामान. काचेभोवतीचं बीडिंग, दाराचं हँडल, टेललाइटची काच, त्या तिरक्या काचेची खिट्टी. ज्याच्यावाचून गाडी चालते ते मिळत नाही आणि त्याच्यावाचून ती गाडी 'ती' वाटत नाही.

चाचांनीच शिकवलं होतं म्हणून फ्रिजवरचं चुंबक घेऊन गेले होते, गणपतीचं. दारावर लावलं, चिकटलं. बोनेटवर चिकटलं. उजव्या दाराखालच्या पट्टीवर लावलं आणि बाप्पा सरळ जमिनीवर. तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला. म्हणजे गाडी काही धुतल्या तांदळासारखी नव्हती, मान्य करते. म्हणूनच तर विचार करते म्हटलं होतं ना.

आता खरं दुखणं सांगते. 2000-01 च्या सुमाराला कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची बंद झाली, तरी पुढची वीस वर्षं पार्ट मिळत राहिले. कशामुळे? टॅक्सीवाल्यांमुळे. काळी-पिवळी रोज रस्त्यावर होती, तिला रोज काहीतरी लागायचं, म्हणून बनवणारे बनवत होते आणि ऑपेरा हाऊसपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंतचे दुकानदार विकत होते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी रडके इमोजी टाकले. मीही टाकला होता. पण त्या दिवशी नुसती टॅक्सी गेली नाही, क्लचप्लेटला गिऱ्हाईक गेलं. (धूर सोडायच्या, दारं नीट लागायची नाहीत, ठीक आहे. गेल्या ते बरंच झालं असेल.)

आणि त्यांची जागा घेतली कुणी? आमच्यासारख्या हौशींनी. आम्ही वर्षाला पाचशे किलोमीटर चालवणार, ती पण रविवारी सकाळी, फोटोपुरती. आमच्या जिवावर कोण कशाला साचे जपून ठेवेल? त्यातले काही महाभाग तर एका गाडीसाठी तीन गाड्यांचं सामान माळ्यावर भरून बसलेत. "पुढे मिळणार नाही ना!" अरे, तू साठवलंस म्हणूनच मिळत नाहीये.

सरकारी बाजू थोडक्यात. पन्नास वर्षं उलटलेली गाडी मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात 'व्हीए' येतं, नवी नोंदणी वीस हजारांना. पण मग ती रोज चालवायची नाही. मला शोभेची बाहुली नकोय, दर आठवड्याला मंडईत नेता येईल अशी गाडी हवीय. म्हणजे 1983 चीच बरी, नोंदणी वाढवायला दर पाच वर्षांनी आरटीओचे उंबरे झिजवायचे. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. एसी पंपात रबरी पडदा असतो, जुन्या रबराला ते मानवत नाही. आपल्याच उसाने आपलीच फियाट घाटात बंद पाडायची, वा!

भाऊ म्हणतो, एअरबॅग नाहीत. नाहीत. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. आहेत.

पण गंमत ऐका. आज तिथून तणतणत निघताना त्या सांगाड्याकडे शेवटचं बघितलं, तर डाव्या दाराच्या तिरक्या काचेची खिट्टी अजून जागेवर होती. लहानपणी मी पुढे आईच्या मांडीवर बसायचे, तेव्हा ती खिट्टी माझ्या ताब्यात असायची. घाटात गाडी बंद पडली तेव्हाही मी तीच उघड-बंद करत होते आणि आईचा एक धपाटा खाल्ला होता. विचारलं, केवढ्याला? चारशे म्हणाला. घासाघीस न करता दिले. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्यासमोर दोन मिनिटांत काढून हातावर ठेवली. रिक्षात बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की मिसळवाल्याने तोंड नेलं, मी खिट्टी नेली. उद्या मी गाडी घेतली, तर तिचं बीडिंग, तिचं हँडल असल्याच कुठल्यातरी विटांवरच्या गाडीतून येणार. माझी चालायची तर दुसरी कुणाची तरी मोडलेली पाहिजे. मघापासून कुणाच्या नावाने खडे फोडतेय मी?

(तरी मिसळवाल्यावरचा राग आहेच. तो काही ते तोंड कुठल्या गाडीला बसवणार नाहीये.)

बाबांनी 1999 मध्ये गाडी विकली तेव्हा गाडीतला पत्र्याचा बिस्किटांचा डबा द्यायला विसरले, की मुद्दामच दिला नाही, कोण जाणे. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला. आत एक फॅनबेल्ट, दोन पॉइंट, एसी पंपाचं न उघडलेलं किट, आणि कागदावर त्यांच्या अक्षरात कुठल्या तारखेला काय बदललं त्याची यादी. शेवटची नोंद व्हीलकॅपची आहे. आजची खिट्टी त्याच डब्यात टाकली. म्हणजे सामान जमायला लागलंय, गाडीच नाहीये.

तर कुणाच्या बिल्डिंगखाली, मामाच्या वाड्यात, गावाला गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली पद्मिनी असेल तर सांगा. पत्रा बरा हवा. मी चुंबक घेऊन येईन.

हे लिहिता लिहिता भावाचा मेसेज आला. "घे बाई गाडी. पण घाटात काय बांधणार? आमच्याकडे डायपर आहेत, लंगोट आता कुठेच मिळत नाही."